परदेशी निघण्यापूर्वीची कागदपत्रे, फोन आणि इंटरनेट : आपापले अनुभव

माझी धाकटी बहीण येत्या दोन महिन्यांत पती आणि मुलीसह इंग्लंडला राहायला जात आहे. थंडीचे कपडे कोणते घ्यावेत आणि मसाले किती न्यावेत हे तिला सांगणारे पुष्कळ आहेत. पण कागदपत्रे, मोबाइल क्रमांक आणि घरचे इंटरनेट यांविषयी कोणी फारसे बोलत नाही, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे सर्वाधिक मनस्ताप याच गोष्टींचा होतो. म्हणून जे गेले आहेत, जाऊन परतले आहेत किंवा ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. काय करावे याबरोबरच काय राहून गेले आणि त्यामुळे काय सोसावे लागले, हेही लिहिलेत तर तिला अधिक उपयोग होईल. सुरुवात मी करते.

पुणे ते श्टुटगार्ट

सप्टेंबर २०२१ मध्ये आम्ही जर्मनीला गेलो. दर महिन्याचे बिल कशाला भरत राहायचे, या विचाराने निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी माझा पोस्टपेड क्रमांक प्रीपेड करून घेतला आणि तिथे पोहोचल्यावर ते सिमकार्ड पाकिटात घालून कपाटात ठेवून दिले. बँक, आधार, प्राप्तिकर खाते, भविष्य निर्वाह निधी या सगळ्यांकडे तोच क्रमांक नोंदलेला आहे, हे मला माहीत होते. पण न वापरलेला क्रमांक बंद होतो, हे मला ठाऊक नव्हते. ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) नियमानुसार सलग ९० दिवस कॉल, एसएमएस किंवा डेटा यांपैकी कशाचाही वापर झाला नाही, तर प्रीपेड क्रमांक कंपनीला बंद करता येतो आणि काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. माझे तसेच झाले.

मार्च २०२२ मध्ये वडिलांच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेसाठी मुदत ठेव मोडायची वेळ आली, तेव्हा नेट बँकिंगमध्ये ओटीपी येईना. त्या क्रमांकावर फोन केला, तर पलीकडे एक अनोळखी गृहस्थ होते. बँकेने सांगितले की क्रमांक बदलण्याचा अर्ज शाखेत स्वतः येऊन द्यावा किंवा भारतीय वाणिज्य दूतावासातून सही साक्षांकित करून पाठवावा. मी म्यूनिकला जाऊन ते काम केले, कागद कुरियरने पाठवले आणि पैसे हाती यायला पाच आठवडे लागले. तोपर्यंत सगळा खर्च भावाने केला. माझे स्वतःचे पैसे असताना वडिलांच्या आजारपणात ते वापरता आले नाहीत, याची बोच अजून गेलेली नाही. आधारमधील क्रमांक बदलण्यासाठी तेव्हा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागत, त्यामुळे ते काम डिसेंबरमध्ये सुट्टीवर आल्यावरच झाले.

म्हणून बहिणीला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की नवीन सिम कुठले घ्यायचे हा प्रश्न तिथे गेल्यावरही सुटतो, पण जुने सिम जिवंत ठेवण्याची व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना डेटा नसलेले, केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले. असा वर्षभराचा पॅक घेऊन पुढच्या रिचार्जची तारीख घरातल्या कोणाला तरी लिहून द्यावी. परदेशी रोमिंग इथे असतानाच सुरू करून घ्यावे. परदेशात आलेल्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, मात्र त्या सिमचा मोबाइल डेटा बंद ठेवण्यास विसरू नये.

मूळ गाव चिपळूण, सध्या दुबई

ताई, आपण फोनविषयी लिहिलेत, मी कागदांविषयी लिहितो. २००५ पासून भारत अपोस्टिल करारात आहे (कागद खरा असल्याचा एकच सरकारी शिक्का मान्य करण्याचा हा देशादेशांमधला करार), त्यामुळे बऱ्याच देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिलचा शिक्का पुरतो. मला हे एका मित्राने सांगितले आणि मी निश्चिंत राहिलो. तो मित्र युरोपात होता. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही. तिथे आधी राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, मग अमिरातीच्या दूतावासाचे आणि शेवटी तिथे पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचे, अशा एकामागून एक पायऱ्या असतात आणि मधली एकही गाळता येत नाही.

माझी त्याहून मोठी अडचण अशी होती की माझ्याकडे पदवी प्रमाणपत्रच नव्हते. गुणपत्रिका आणि तात्पुरते प्रमाणपत्र यांवर भारतात अकरा वर्षे नोकरी झाली; पदवीदान समारंभानंतर मूळ प्रमाणपत्र आणायला मी कधी गेलोच नव्हतो. ते मिळवण्यात सात आठवडे गेले. दुसरी गोष्ट लग्नाची. आमचे लग्न २०१६ मध्ये गावी झाले, सातशे माणसे जेवून गेली, पण नोंदणी केली नव्हती. साक्षांकित विवाह प्रमाणपत्राशिवाय पत्नीचा निवास व्हिसा होत नाही, म्हणून मी एकटा आलो आणि ती नगरपरिषदेत लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि भटजींची सही घेऊन फेऱ्या मारत राहिली. आमचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. चार महिन्यांनी मी त्याला विमानतळावर घेतले तेव्हा तो माझ्याकडे येईना, हे मला विसरता येत नाही.

दुबईला येणाऱ्यांनी घरच्यांना आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. व्हॉट्सॲपवरचे संदेश इथे चालतात, पण त्यावरचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल चालत नाहीत. परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात. ती आईवडिलांच्या फोनवर समोर बसून टाकून द्यावीत आणि दोनदा कॉल करून दाखवावा. मी हे केले नव्हते. पहिले दहा दिवस आईला वाटत होते की मी मुद्दाम चेहरा दाखवत नाही.

नाशिक ते टोरांटो

आमच्या अर्जात सर्वांत जास्त वेळ मुलीच्या जन्मदाखल्याने घेतला. रुग्णालयातून बाळाला घरी आणल्यावर तिच्या बाबांनी उत्साहाने लगेच महापालिकेतून दाखला आणला, पण तोपर्यंत बारसे झालेले नव्हते, त्यामुळे नावाचा रकाना कोरा राहिला. पुढे शाळेत तोच दाखला चालला. कॅनडाच्या अर्जासाठी मूल कोणाचे हे दाखवणारा दाखला हवा, आणि त्यावर मुलाचेच नाव नसेल तर तो काय सिद्ध करणार? नोंदीत नाव नंतर घालता येते, मात्र त्याला १५ वर्षांची मर्यादा आहे. आमची मुलगी नऊ वर्षांची होती म्हणून निभावले.

त्याच दाखल्यावर आईचे नाव माझे माहेरचे होते आणि माझ्या पासपोर्टवर सासरचे. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलतात, आणि मग एकाच बाईची तीन नावे तीन कागदांवर राहतात. राजपत्रातील नावबदलाची प्रत, विवाह प्रमाणपत्र आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र, असे तिन्ही मी जोडले. मराठीतील कागदांची इंग्रजी भाषांतरे आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्रही लागले. बहिणीच्या मुलीचा दाखला आजच काढून पाहा, ही कळकळीची विनंती.

फोंडा, गोवा

वरील मुद्द्याला जोडून थोडेसे. आमच्या सासऱ्यांचा जन्म १९६१ पूर्वीचा असल्यामुळे त्यांची जन्मनोंद पोर्तुगीज भाषेत आहे, आणि आडनावाचे स्पेलिंगही पोर्तुगीज वळणाचे आहे. नंतरच्या शाळेच्या आणि निवडणूक ओळखपत्राच्या कागदांवर ते इंग्रजी वळणाने लिहिले गेले. पतीच्या कागदांवर वडिलांचे नाव जुळेना, त्यासाठी आम्हाला आधी सासऱ्यांचे कागद दुरुस्त करावे लागले. ते तेव्हा ८१ वर्षांचे होते आणि प्रत्येक वेळी स्वतः कार्यालयात आले. वडीलधाऱ्यांच्या कागदांवरही एकदा नजर टाकावी.

निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

माझी दोन्ही मुले बाहेर आहेत आणि माझी नोकरी बँकेत झाली, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर भारतातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातील पैशांसाठीच्या खात्यात बदलावे लागते. तिथली कमाई भारतात पाठवायची असेल तर एनआरई खाते वेगळे उघडावे. एनआरईवरील व्याज भारतात करमुक्त असते आणि पैसे मोकळेपणाने परत नेता येतात. एनआरओवरील व्याजातून मुळातच ३० टक्के आणि त्यावरचे अधिभार कापले जातात. लोक हे काम वर्षानुवर्षे टाळतात, मग घर विकताना किंवा वारसा हक्काच्या वेळी सगळे एकदम समोर येते. पीपीएफ खाते असेल तर ते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, नवीन मात्र उघडता येत नाही.

यूपीआयबद्दल मला वारंवार विचारतात. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांच्या मोबाइल क्रमांकांवर एनआरई आणि एनआरओ खाती यूपीआयला जोडण्यास परवानगी मिळाली; त्यांत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि अमिराती आहेत, जर्मनी नव्हता. ताईंच्या बहिणीला तो मार्ग उपलब्ध आहे, परंतु आपल्या बँकेने ती सोय दिली आहे का हे शाखेत विचारूनच जावे.

मुखत्यारपत्राविषयी आग्रहाने सांगतो. फ्लॅट, भाडेकरार, सोसायटीचे काम असे काहीही मागे राहणार असेल तर कुलमुखत्यारपत्र इथे असताना करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. तिथे गेल्यावर केले तर दूतावासात सही, मग कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क, अशी धावपळ होते. मात्र सरसकट सर्व अधिकार देऊ नयेत. कोणत्या मालमत्तेचे, कोणते काम, कुठवर, हे स्पष्ट लिहावे. सरसकट अधिकारांमुळे सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली मी काउंटरच्या पलीकडून पाहिली आहेत.

कोल्हापूर ते सिएटल

काकांनी लिहिलेले सर्व मी पाळले होते, तरी फोनमध्ये अडकलो. अमेरिकेत आल्यावर जुना फोन बिघडला म्हणून इथला आयफोन घेतला. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सिमकार्डाची जागाच नसते, केवळ ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदले जाणारे सिम) चालते, हे पेटी उघडल्यावर कळले. भारतीय सिम हातात, आणि घालायला फोन नाही. इथून ई-सिम करून घेण्याचा प्रयत्न केला, तर खात्री करण्यासाठी लागणारा ओटीपी त्याच सिमवर येणार होता. शेवटी एका सहकाऱ्याच्या जुन्या फोनमध्ये सिम घालून, दोन रात्री भारतीय वेळेनुसार जागून ते काम पूर्ण केले. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, हे लक्षात ठेवून त्या दिवशी बँकेचे कोणतेही काम काढू नये. माझा सल्ला असा, की भारतीय क्रमांक निघण्यापूर्वीच ई-सिम करून घ्यावा किंवा सिमची जागा असलेला फोन बरोबर न्यावा.

घरच्या इंटरनेटचे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात जवळचा विषय तोच आहे. आमच्या घरचे ब्रॉडबँड माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर आणि माझ्या क्रमांकावर होते. राउटर बिघडला की आईबाबा तक्रार नोंदवत आणि कंपनी ओटीपी माझ्या फोनवर पाठवत असे, तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजलेले असत. एकदा अकरा दिवस घरी इंटरनेट नव्हते. पुढच्या सुट्टीत मी ते कनेक्शन बंद करून बाबांच्या नावावर नवीन घेतले. जुना राउटर परत केल्याची पावती मी मागून घेतली होती, म्हणून चार महिन्यांनी उपकरणाच्या रकमेची मागणी आली तेव्हा ती दाखवता आली. पैसे वर्षाचे एकदम भरले, राउटरसाठी छोटा यूपीएस बसवला, कारण पावसाळ्यात वीज गेली की आमचे बोलणे नेमके मध्येच तुटत असे. वायफायचे नाव, पासवर्ड आणि स्थानिक तंत्रज्ञाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देवघराशेजारी चिकटवला. आता आई स्वतः तंत्रज्ञाला बोलावते.

लंडन

ताईंच्या बहिणीसाठी थोडक्यात. सहा महिन्यांपेक्षा अधिक काळासाठी येणाऱ्या भारतीयांना क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र व्हिसाच्या अर्जासोबत लागते. त्याची वेळ आधी घ्यावी. प्लास्टिकचे निवासपत्र आता मिळत नाही, ई-व्हिसा असतो आणि तो पासपोर्टला जोडलेला असतो, त्यामुळे पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण करूनच अर्ज करावा. प्रीपेड सिम इथे कोणत्याही कागदांशिवाय मिळते. मासिक करारासाठी मात्र पतइतिहास पाहतात, आणि नवख्या माणसाकडे तो नसतो.

पुणे ते श्टुटगार्ट, पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. लंडनचे वाचून आठवले, जर्मनीत प्रीपेड सिमलाही पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, आणि घरच्या इंटरनेटसाठी तंत्रज्ञ यायला आम्हाला पाच आठवडे थांबावे लागले होते. तोवर पतीचे काम मोबाइल डेटावर चालले. मोठा डेटा असलेले सिम पहिल्या दोन महिन्यांसाठी घेण्याची तयारी ठेवावी.

काल रात्री बहिणीने भाचीचा दाखला काढून पाहिला. भाचीचे नाव आहे, पण आईच्या नावात माहेरचे आडनाव आहे. उद्या ती वकिलांकडे प्रतिज्ञापत्रासाठी जात आहे, आणि सोमवारी बँकेत. आईच्या फोनमध्ये रिचार्जची तारीख मी स्वतः घालून दिली आहे.