जुन्या चष्म्यांचं काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या लायन्स क्लबने जुन्या चष्म्यांसाठी पेटी ठेवली आणि गोणीभर चष्मे जमले. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सना अंधांसाठी काम करायचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम क्लबकडे आहेच. पण यातल्या कितीतरी काचांवर ओरखडे, काड्या मोडक्या, एकाला तर सुतळी बांधलेली! त्यात सिलिंड्रिकल नंबर (ठरावीक कोनात बसवलेल्या काचेचा, ज्याचा त्याचा वेगळा) दुसऱ्याला जुळणं कठीणच. नंबर मोजायला मिरज-सांगलीकडे कोणी लेन्सोमीटर उसना देईल का? की वाड्यावस्त्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना सरळ चाळिशीचे तयार चष्मेच घेऊन द्यावेत? मला तरी तेच बरं वाटतं, पण मग चष्मे देणाऱ्यांना काय सांगायचं? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.