मिथेनमुळं म्हशी विकाव्यात का?

तासगावचा_गडी: पुण्याचा भाऊ गावी आला की सुरूच होतो, जनावरं मिथेन वायू सोडतात, त्यानं पृथ्वी तापती, दूध बंद करा, विकून टाका. घरी दोन म्हशी आन एक खिलार गाय, द्राक्षबाग नि थोडा ऊस. खरंच एवढं नुकसान हाय का?

विटेकर: भाऊ अगदीच चुकीचा नाय. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन बनतो, शंभर वर्षांचा हिशोब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त तापवतो. पण जंगल तोडून मांसासाठी गुरं पाळणं वेगळं आन तुमची म्हैस बांधावरचं गवत, कडबा, उसाचं वाढं (हिरवा शेंडा) खाऊन दूध देती ते वेगळं. कडबा काय भाऊ खाणारे का?

जतचा_मेंढका: बागेला खतच पायजे तर रानात मेंढरं बसवा की राव! रातभर लेंड्या नि मूत जाग्यावरच पडतं, उकिरड्यावरनं खत वाहायची कटकट नाय. आमच्याकडं त्यासाठी धनगराला धान्य नायतर पैसे देत्यात.

शेणामातीचा: नुसतं वाढं घालू नका बरं, त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकानं जनावराला कॅल्शियम कमी पडतं, मिनरल मिक्श्चर द्याच. आन ओल्या शेणाचा ढीग दाबून ठिवला की तिथंबी मिथेन तयार होतो, त्यापेक्षा गोबरगॅस करा, गॅस चुलीत जळतो, उरलेली शेणाची पातळ स्लरी बागेला.

तासगावचा_गडी: तीन जनावरांत भागंल का?

शेणामातीचा: १ घनमीटरच्या प्लांटला रोज २५ किलोच्या आसपास शेण लागतं, तेवढं आरामात निघंल. भावाला पयला चहा त्याच गॅसवर पाजा, दूध घालून.