येमेनच्या युद्धात पडून अमिरातीने काय साधलं?

खाडीकाठ: मी अबुधाबीच्या मुसाफ्फा औद्योगिक भागात काम करतो. १७ जानेवारी २०२२ ला सकाळी येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यात इथे इंधनाचे टँकर पेटले. दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी कामगार गेले. वर्कशॉपच्या दारातून काळा धूर दिसत होता, आणि आमच्यातला जो तो घरी फोन लावत होता. आठवड्याने पहाटे क्षेपणास्त्रं हवेतच पाडली, तेव्हा खोलीची तावदानं थरथरली. तेव्हापासून डोक्यात एकच आहे: जेमतेम दहा लाख नागरिकांच्या या देशाने २०१५ मध्ये सौदीच्या मागून येमेनच्या यादवीत उतरायलाच नको होतं. ओमानची तर येमेनला सीमा लागून आहे. तरी आखाती देशांच्या परिषदेतला तो एकटा देश बाहेर राहिला, म्हणूनच मस्कतमध्ये हूथीही येऊन बोलू शकले.

दक्षिणवारा: साफ असहमत. २०१४ च्या सप्टेंबरात हूथींनी राजधानी सना घेतलं, नंतर ते दक्षिणेतल्या एडन बंदरापर्यंत धडकले. तांबड्या समुद्राच्या तोंडाची बाब अल-मंदेब सामुद्रधुनी त्यांच्या हाती गेली असती तर दुबईच्या जेबेल अली बंदरातून सुएझकडे जाणाऱ्या जहाजांचं काय झालं असतं? २०१६ मध्ये येमेनचं मुकल्ला बंदर अल-कायदाच्या तावडीतून सुटलं ते अमिरातीच्या मदतीने. त्यांनी नुसता पैसा फेकला नाही. ४ सप्टेंबर २०१५ ला येमेनच्या मारिबमध्ये एका क्षेपणास्त्राने त्यांचे ४५ जवान गेले. एवढ्याशा देशात ४५ घरं म्हणजे किती, विचार करा. आणि ओमानच्या हद्दीतून हूथींना शस्त्रं जातात, हा आरोपही झालाच आहे.

खाडीकाठ: त्या ४५ जणांबद्दल मला आदरच आहे. पण २०१५ च्या जुलैत एडन सुटल्यावर थांबले का? दक्षिण येमेन वेगळा मागणाऱ्यांना पैसा आणि शस्त्रं दिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या फुटीरांनी एडन बळकावलं, आणि ते परत घ्यायला निघालेल्या सरकारी फौजेवर अमिरातीच्याच विमानांनी बॉम्ब टाकले. आम्ही दहशतवाद्यांना मारलं, असं अबुधाबी म्हणालं. ज्या सरकारला वाचवायला गेलात, त्याच्याच सैनिकांवर बॉम्ब? हे मला पटत नाही, पटणार नाही.

दक्षिणवारा: ते चुकलंच, मान्य. पण उतरणंच चूक होतं, हे मान्य नाही.

सुईदोरा: माझी मावसबहीण सनाच्या हॉस्पिटलात नर्स होती. एप्रिल २०१५ मध्ये भारतीयांना सोडवून आणणाऱ्या 'ऑपरेशन राहत'मध्ये जिबूतीमार्गे मुंबईला आली, तेव्हा हातात फक्त एक पिशवी होती. तुम्ही दोघं सामुद्रधुनी आणि सरकारं मोजताय. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज होता, की २०२१ संपेपर्यंत ३ लाख ७७ हजार माणसं जातील, त्यातली निम्म्याहून जास्त भुकेने आणि आजाराने. बंदरं अडली की पीठ आणि औषधं अडतात. ताई तिच्या तिथल्या घरमालकिणीला अजून फोन करते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: इन्सुलिन मिळालं का?