मदत हवी आहे: अपंगत्वाच्या अर्जासाठी वकील (तातडीचे)

पायवाट: भावाचा अर्ज नामंजूर झाला. चांगला वकील सुचवा, फी किती तेही सांगा. "पुन्हा अर्ज करा" असं कृपया कोणी सांगू नका.

दप्तर: कोणता अर्ज? यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) की संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाचा? नामंजूर कोणी केला? कारण काय लिहिलंय?

पायवाट: निराधारचा. तहसीलने. अपंगत्वाचे टक्के कमी म्हणे.

दप्तर: कमी म्हणजे किती? एकेक शब्द ओढून काढायला लावू नका हो.

पायवाट: 35. पायाचे.

माळरान: मग वकील तहसीलदारांशी भांडून काय करणार? अट 40 ची आहे आणि टक्के तहसीलला बदलता येत नाहीत. टक्के ठरवतं रुग्णालयातलं बोर्ड. त्यावर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली अपील करा.

वाटसरू७: कार्ड आलं की एसटीत 75 टक्के सवलत मिळते, ती विसरू नका.

माळरान: विचारलंय काय, सांगताय काय!

तिठा: अपिलाआधी एक सांगा. फक्त पायच तपासला का? दुसरं काही?

पायवाट: एका डोळ्याने दिसत नाही, लहानपणापासून. पण प्रमाणपत्राचा अर्ज पायाचा होता.

तिठा: हेच आधी सांगायचं ना! दुसरा डोळा शाबूत असेल तर एका डोळ्याचे 30 टक्के धरतात. एकट्या डोळ्यावर काही मिळत नाही, म्हणून लोक सांगतच नाहीत. पण दोन्हींची सरळ बेरीजही होत नाही. मोठा आकडा अ, लहान ब: अ + ब × (90 − अ) ÷ 90. म्हणजे 35 + 30 × 55 ÷ 90, साधारण 53. यूडीआयडीच्या पोर्टलवर दोन्ही प्रकार टाकून फेरतपासणी मागा. हाडांचे आणि डोळ्यांचे असे दोन्ही डॉक्टर हवेत. बोर्डाचा वार आधी विचारून जा, नाहीतर एकच भेटतो आणि प्रमाणपत्र पुन्हा अर्धवट.

माळरान: अपीलच बरं. फेरतपासणीत पायाचे टक्के घटले तर?

तिठा: डोळा अर्जातच नव्हता, मग बोर्डाचं चुकलं काय? अपिलात "नव्याने तपासून घ्या" एवढंच म्हणतील. पायाचे 35 च चुकीचे वाटत असतील तर अपील. त्यासाठी तपासणीच्या तक्त्याची प्रत माहिती अधिकारात काढा, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. कोणत्या सांध्याला किती गुण दिले ते त्यात कळतं.

पायवाट: आणि वकील?

दप्तर: जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही, फी शून्य. हेल्पलाइन 15100. अर्ज भावाच्या नावाने करा. तुमच्या नावाने केलात तर तुमचं उत्पन्न विचारतील.

माळरान: तो वकील फक्त कोर्टातल्या केससाठी देतात.

दप्तर: नाही. त्या कायद्यातल्या विधी सेवेच्या व्याख्येत कोर्टाबरोबर इतर प्राधिकरणंही आहेत. अपिलाचा मसुदा, सुनावणी, दोन्हीला मिळतो. खिडकीवरचा माणूस "केस नंबर काय" विचारेल, तेव्हा नामंजुरीचं पत्र पुढे करा. तोंडीच नाकारलं असेल तर आधी तहसीलमधून लेखी घ्या. पत्र आहे ना?

पायवाट: नाही. खिडकीवरच सांगितलं.

दप्तर: मग उद्या पहिलं काम तेच. अर्ज आवक-जावकला द्या, पोचीवर शिक्का आणि तारीख घ्या. उत्पन्नाचा दाखलाही बघून ठेवा, निराधारसाठी दिव्यांगांना मर्यादा वर्षाला 50,000 आहे.