ट्रेलर ओढणाऱ्या व्हॅनच्या टपावर डिफ्लेक्टर हवाच

वाऱ्यावरची_व्हॅन
व्हॅनचं नाक कितीही गुळगुळीत करा, खरा मार बसतो मागच्या ट्रेलरच्या कपाळावर. माझा ट्रेलर टपापेक्षा हातभर उंच आहे आणि टपावरून सुटलेला वारा थेट त्या सपाट भिंतीवर आदळतो. टपाच्या मागच्या कडेला तिरपा डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वर वळवणारी फळी, लावला की वारा ट्रेलरच्या वरून निघून जाईल. सोबत व्हॅनच्या पोटाखाली सलग पत्राही मारणार आहे.

पाना_पक्कड
पत्रा अजिबात नको! ओढताना इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही तापतात, त्यांना खालून वारा लागतो. लांब चढावर काटा लाल पट्ट्यात गेला की वाचवलेलं डिझेल आठवणारही नाही. त्यापेक्षा पाय सैल सोडा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 100 किलोमीटरवरून 80 वर आलात की तो 36 टक्क्यांनी उतरतो. तेही फुकट.

वाऱ्यावरची_व्हॅन
पत्र्याचं पटलं, तो बेत सोडला. वेगाचं मात्र अर्धंच पटलं. 80 लाही ती भिंत वारा अडवतेच ना? हळू चालवा आणि डिफ्लेक्टरही लावा, यात भांडण कुठे आहे?

हुक_आणि_साखळी
भांडण कोनाचं आहे. चुकीच्या कोनातला डिफ्लेक्टर स्वतःच दुसरी भिंत होतो. आधी ट्रेलरच्या पुढच्या बाजूला, वर आणि कडांना लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवा आणि शेजारून जाणाऱ्या गाडीतून कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. धागे मागे सरळ पडले तर वारा अंगालगत वाहतोय, उलटसुलट फडफडले तर तिथे तो सुटतोय. माझ्या मते ट्रेलरच्या पुढच्या धारदार कडा गोल केल्या तर जास्त फायदा होईल, आणि त्याकडे कुणी बघतच नाही.

व्हॅन आणि ट्रेलरच्या मधली फट कमी केली तरी रोध घटतो, पण त्यासाठी ट्रेलरचा दांडा आखूड करू नका. वळताना कोपरा व्हॅनला लागेल, शिवाय आखूड दांड्याचा ट्रेलर लवकर डोलायला लागतो.

पाना_पक्कड
कडांचं मान्य. डिफ्लेक्टरला माझा विरोध कायम. ट्रेलर सोडून रिकामी व्हॅन चालवता तेव्हा तो टपावर नुसता वारा खात उभा राहणार.

वाऱ्यावरची_व्हॅन
म्हणून बिजागरीचा करतोय, ट्रेलर नसताना आडवा पाडायचा. आधी लोकर लावून बघतो. मग वारा पडलेला असताना एकाच सपाट रस्त्यावर, एकाच वेगाने, जाता-येता दोन्ही बाजूंनी डिझेल मोजून आकडे इथेच टाकतो.