ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) मटेरियल पॅकेजमध्ये बसतच नाही, कुठून हात घालू?

नमस्कार मंडळी, तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल आहे, मी अ‍ॅडमिन बघतो. जनरल सर्जन तिघं, तिघंही व्हिजिटिंग. फुले योजनेच्या (सरकारी आरोग्य योजना) केसला पॅकेज म्हणजे एकूण रक्कम ठरलेली, मेश (हर्नियाला लावायची जाळी), सुचर (टाक्यांचा धागा), ड्रेप (पेशंटवर अंथरायचं निर्जंतुक कापड) सगळं त्यातच बसवायचं, आणि महिनाअखेरीला ओटीचं बिल बघितलं की डोकं धरून बसतो. स्टोअरवाला म्हणतो सिस्टरनी नेलं, सिस्टर म्हणतात सरांना लागतं, आणि सरांना विचारायची कोणाची टाप आहे? सप्लायरशी रेटवरून घासाघीस करून झाली.

ओटीसिस्टर:
दादा, रेट सोडा, आधी फाडलेली पाकिटं बघा. एक आठवडा प्रत्येक केसनंतर उघडलं पण वापरलं नाही ते वेगळ्या ट्रेमध्ये टाकायला सांगा, सरांच्या नावासकट. आमच्याकडे त्यात विक्रिलच (विरघळणारा टाक्यांचा धागा) निघालं सगळं, कारण सर ओरडतील म्हणून नवीन मुली 1 नंबर आणि 2-0 (जाड आणि बारीक) दोन्ही आधीच फाडून ठेवायच्या. आता फ्लोअर सिस्टर पाकीट हातात धरून दाखवते, सर "दे" म्हणाले की मगच फाडायचं. ब्लीडिंगला लागणारं मात्र ट्रॉलीवर जवळच पाहिजे, फक्त बंद. तिथे काटकसर करायची नाही म्हणजे नाही.

सर्जन_खानदेश:
सिस्टरांचं बरोबर आहे, पण खरी गोची आदल्या दिवशीची असते. लिस्टवर नुसतं "हर्निया" लिहून येतं. आता इंग्वायनल (जांघेतला) ओपन असेल तर 7.5 बाय 15 सेंमीची मेश पुरते, इन्सिजनल (जुन्या ऑपरेशनच्या जागी झालेला) असेल तर डिफेक्ट म्हणजे भोक केवढं हे तपासून, गरज पडली तर सीटी बघून आदल्या संध्याकाळीच साइज लिहायला हवी, नाहीतर टेबलवर 15 बाय 15 उघडतात, ती पुरत नाही, मग 30 बाय 30 उघडतात, दोन्हीचे पैसे गेले. हे सर्जननेच लिहायचं, सिस्टरवर ढकलू नका.

आणि तिघांना एकदा चहाला एकत्र बसवा, प्रत्येक ऑपरेशनला काय काय लागतं त्याचं तिघांचं मिळून एकच कार्ड करा. पोट बंद करायला एकाला प्रोलीनचा धागा, दुसऱ्याला नायलॉनचा, तिसऱ्याला अजून काही, असं असलं की स्टोअरमध्ये तिन्हीचे बॉक्स पडून एक्स्पायर होतात. ब्रँडचा हट्ट तर सोडाच. आमच्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाची मेश वापरून दाखवली होती, 2003 साली पेपरही आला. पुढे युगांडात तशाच स्वस्त मेशची रीतसर ट्रायल झाली, 2016 मध्ये छापून आली, वर्षभरानंतर रिकरन्समध्ये (हर्निया परत होण्यात) महागड्या मेशपेक्षा फरक दिसला नाही. (म्हणून उद्या बाजारातनं कापड आणू नका हो!)

मूळ प्रश्नकर्ता:
धन्यवाद सर, ट्रे उद्यापासूनच ठेवतो. स्टेपलरचं (आतडं वगैरे पिनांनी जोडायचं यंत्र) काय? कधीतरीच लागतं, पण त्याचं पिनांचं कार्ट्रिज महाग.

ओटीसिस्टर:
विकत घेऊन ठेवू नका. डीलरला कन्साइनमेंटवर ठेवायला सांगा, वापरलं तरच बिल. फक्त एक्स्पायरीच्या किती आधी बदलून देणार ते लेखी घ्या, तोंडी सगळेच हो म्हणतात.