नेपल्समध्ये जॅकेटच्या खांद्यावर चुण्या मुद्दाम ठेवतात का? शिवणकाम जाणणाऱ्यांनी सांगा

सातारचा_शिंपी:
कामासाठी तीन महिने नेपल्समध्ये आहे. वडिलांचं साताऱ्यात टेलरिंगचं दुकान, लहानपणी काज-बटणं मीच करायचो. त्यामुळे कुणाच्याही चेहऱ्याआधी माझी नजर त्याच्या खांद्यावर जाते, आणि इथे ती हटतच नाही. काल सकाळी व्हिया किआयावर एक सत्तरीचे आजोबा दिसले. फिकट तपकिरी लिननचं जॅकेट, वरचा खिसा सरळ पट्टीचा नाही तर होडीसारखा किंचित वर वळलेला, बूट आरशासारखे. पण बाही जिथे खांद्याला मिळते तिथे बारीक बारीक चुण्या! आधी वाटलं, शिवण चुकली. मग तासाभरात तशी चार जॅकेटं मोजली.

बाबांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "कारागिराने घाई केली. असा कोट माझ्या दुकानातून बाहेर गेला नसता." पण सगळ्या शहराने घाई केली, हे मला पटत नाही. यामागे काय आहे?

मुंढा_गोलाई:
तुमच्या बाबांचं आमच्या पद्धतीने बरोबर आहे, पण त्या चुण्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत. मी बावीस वर्षं कोट शिवतेय. तिकडे याला 'स्पाल्ला कामिचा' म्हणतात, म्हणजे शर्टाचा खांदा. मुंढा (कोटाला बाही जिथे जोडतात ते भोक) लहान आणि काखेच्या अगदी जवळ कापायचा, बाहीचा घेर मात्र त्याहून मोठा ठेवायचा. जास्तीचं कापड हाताच्या टाक्यांनी आवळत आवळत मुंढ्यात बसवायचं. बाहीत कापड आपणही थोडं जास्त घेतो, पण ते वाफेच्या इस्त्रीने जिरवतो आणि आत पॅड भरतो, म्हणून वरून गुळगुळीत दिसतं. त्यांच्याकडे पॅडच नाही, मग आवळलेलं कापड दिसणारच.

हे सुरू झालं १९३०च्या दशकात. रुबिनाच्ची यांच्या 'लंडन हाउस' दुकानात विन्चेंझो आत्तोलिनी हे कटर, म्हणजे कापड बेतून कापणारे, होते. त्यांनी इंग्लिश कोटातलं पॅड आणि बरंचसं अस्तर काढून टाकलं. त्या उकाड्यात जाड कोट घालून कोण फिरणार?

एक करून बघा. असं जॅकेट घातलेला माणूस हात वर करतो तेव्हा खालची कड किती उचलली जाते ते पाहा.

नापोलीत_दोन_वर्षं:
मी तिथे शिकायला होतो. जॅकेटइतकीच दाढीही बघा. आमच्या गल्लीतला न्हावी आधी गरम टॉवेल द्यायचा, मग प्रोरासोचं क्रीम (फ्लॉरेन्सच्या कंपनीचं, निलगिरी आणि मेंथॉलच्या वासाचं) बोटांनी चोळायचा, आणि त्यानंतर ब्रशने फेस. मानेवर वस्तऱ्याने सरळ रेघ तो कधीच मारायचा नाही, केस खाली विरत न्यायचा. म्हणायचा, रेघ मारली की चार दिवसांत वाढलेलं दिसतं. तेव्हापासून मीही तसंच कापून घेतो.

आणि पियाझ्झा व्हित्तोरियाला जाऊन मारिनेल्लाचं टायचं दुकान जरूर बघा. १९१४पासून तिथेच आहे, इवलंसं. आत गेल्यावर टाय उलटा करून मागची शिवण बघायला मागा, तुम्हाला आवडेल.

सातारचा_शिंपी:
मुंढा_गोलाई ताई, बघितलं! आज बसमध्ये एक गृहस्थ माझ्यासमोरच उभे होते, राखाडी जॅकेट, खांद्यावर तशाच चुण्या. बस वळली तसा त्यांनी वरचा दांडा धरला. हात पूर्ण वर, आणि जॅकेटची खालची कड अर्धा इंचसुद्धा हलली नाही. कॉलर मानेला चिकटून तशीच. शेजारच्या पोराच्या तयार कोटाची कड मात्र पार पट्ट्याच्या वर गेली होती.

रात्री बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा किती इंच जास्त?" सकाळी आईचा फोन आला, जुन्या चादरीची बाही कापून बसलेत. ताई, घेराचा अंदाज द्याल का? त्यांची छाती ३८ आहे, पहिलं स्वतःलाच शिवणार म्हणतात.